आधी ऑर्गन विचारा, मग वाजवणारा: रोमँटिक काळातल्या ऑर्गन सोनाट्यांची कुठली रेकॉर्डिंग्ज घ्यावीत?

रॉयब्के या जर्मन संगीतकाराच्या सोनाट्याचं (म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचनेचं) एकच रेकॉर्डिंग घ्यायचंय, कुठलं घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: कुठल्या ऑर्गनवरचं? पियानोच्या बाबतीत आपण वाजवणाऱ्याचं नाव बघतो आणि ते बरोबरच आहे, कारण चांगल्या सभागृहांतले पियानो एकमेकांच्या बरेच जवळचे असतात. चर्चमधले ऑर्गन तसे नसतात. प्रत्येक ऑर्गन एका इमारतीच्या मापाने, एका कारागिराच्या कानाने घडलेला असतो. तोच सोनाटा दोन चर्चमध्ये ऐकला तर कधीकधी दोन वेगळ्या रचना वाटतात. म्हणून हा आढावा वाद्यांच्या बाजूने लिहितोय.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता चालवायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. त्यात पितळी रीड थरथरतात, चर्चच्या ऑर्गनमध्ये मुख्यतः नळ्या वाजतात. तरी पेटीवाल्यांना इथली एक गोष्ट चटकन समजेल. पेटीत जसे खर्ज, नर आणि मादी असे रीडचे संच असतात, तसे इथे १६, ८ आणि ४ फुटी स्टॉप, म्हणजे हवे तेव्हा उघडायचे नळ्यांचे संच, असतात. ८ फुटी म्हणजे पट्टीवर लिहिलेला सूर तसाच, १६ फुटी एक सप्तक खाली, ४ फुटी एक सप्तक वर. मोठ्या ऑर्गनांच्या पेडलला, म्हणजे पायाने वाजवायच्या पट्ट्यांना, ३२ फुटी स्टॉपही असतो, खर्जाच्याही खाली आणखी एक सप्तक. रॉयब्केच्या बाबतीत हा आकडा पुन्हा लागणार आहे.

यूलिउस रॉयब्के हा ऑर्गन बांधणाऱ्याचा मुलगा, संगीतकार लिस्टचा शिष्य. १८३४ साली जन्मला आणि १८५८ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, क्षयाने गेला. बायबलमधल्या ९४ व्या स्तोत्रावरचा त्याचा सोनाटा त्याने स्वतः १७ जून १८५७ रोजी मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये वाजवला. पुढच्या वर्षी तो नव्हता. सोनाटा छापून आला १८७१ मध्ये, भावाच्या खटपटीने. स्तोत्रात अन्यायाचा सूड मागितलेला आहे: विधवांना, परक्यांना, पोरक्यांना मारणारे उजळ माथ्याने फिरताहेत आणि देव गप्प का, असा जाब. संगीतही तसंच आहे. सुमारे २५ मिनिटं, मध्ये न थांबता, आणि शेवटपर्यंत सी मायनर, म्हणजे काळोख्या छटेची स्वरमालिका. शेवटी उजळ मेजरमध्ये जाऊन दिलासा देणं त्याने टाळलं, आणि मला त्याबद्दल त्याचा फार आदर वाटतो.

ज्या ऑर्गनवर त्याने हे वाजवलं तो आजही तिथेच आहे. फ्रीडरिश लाडेगास्टने १८५५ साली जुन्या बरोक नक्षीच्या दर्शनी भागामागे ८१ स्टॉपचा नवा ऑर्गन उभा केला. लिस्टच्या 'बाख' या नावाच्या स्वरांवरच्या रचनेचं पहिलं वादनही इथेच १८५६ मध्ये झालं. पुढे बदल झाले, मग २००४ पर्यंत काळजीपूर्वक दुरुस्ती करून वाद्य मूळ रूपाकडे नेलं गेलं. मिशाएल शोनहाइट हे तिथले ऑर्गनिस्ट. त्यांनी या वाद्यावर वाजवलेला लिस्ट मिळाला तर रॉयब्केच्या आधी तो ऐकून घ्या, वाद्याची ओळख होते.

मेर्सेबुर्गच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय मिळतं, ते सुरुवातीच्या पाच-सात मिनिटांत कळतं. सुरुवात अगदी हळू आवाजात आहे, खालच्या पट्टीत अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकणारी. मग आवाज चढू लागतो. लाडेगास्टच्या ऑर्गनवर हा चढ एकसंध नसतो, त्याला पायऱ्या असतात. वादकाशेजारी उभे असलेले मदतनीस हाताने स्टॉप ओढतात, आणि प्रत्येक वेळी आवाजाला नवा थर चढतो. हेडफोनवर, रात्री आजूबाजूची वर्दळ थांबल्यावर ऐकलं तर काही रेकॉर्डिंगमध्ये स्टॉपच्या लाकडी दांड्याचा दबका 'टक' ऐकू येतो आणि त्याच्या पाठोपाठ नवा सूर उघडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे जाऊन तेवढाच तुकडा तीनदा लावला. रागाने बोलणारा माणूस वाक्यागणिक आवाज चढवत नेतो, तसा हा चढ आहे. या सोनाट्याला तोच हवा.

आता याच रचनेची दुसरी बाजू. बर्लिनच्या कॅथेड्रलमधला झाउअरचा ऑर्गन १९०५ चा, ११३ स्टॉपचा. रिगाच्या कॅथेड्रलमधला वाल्करचा १८८४ चा, १२४ स्टॉप आणि ६,७१८ नळ्यांचा, एके काळी जगातला सर्वांत मोठा. अशा वाद्यांवर पायाखालच्या रोलरसारख्या यंत्रणेने स्टॉप आपोआप एकामागून एक लागत जातात. कुजबुजीपासून गडगडाटापर्यंतचा प्रवास उतारावरून पाणी वाहावं इतका सलग होतो. ऐकायला हे विलक्षण आहे, अंगावर काटा येतो. नंतरच्या पिढीतल्या रेगर या संगीतकारासाठी तर हेच हवं. पण रॉयब्के झाउअरच्या या वाद्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी लिहीत होता, आणि इतका गुळगुळीत चढ त्याच्या संगीतातले कोपरे घासून टाकतो. बर्लिनच्या वाद्यात पट्टी आणि नळी यांच्यामध्ये हवेच्या नळकांड्यांची यंत्रणा आहे, त्यामुळे सुराची सुरुवातही जराशी मऊ होते. शेवटच्या फ्यूगमध्ये, म्हणजे एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात त्या भागात, जिथे एकेक आवाज धारदार शिरायला हवा, तिथे हे जाणवतं.

तिसरा पर्याय इंग्रजी कॅथेड्रलांमधल्या जुन्या, नावाजलेल्या रेकॉर्डिंगांचा. वादन बहुतेकदा पहिल्या दर्जाचं. अडचण इमारतीची आहे. दगडी कॅथेड्रलात घुमणारा सूर काही सेकंद रेंगाळतो आणि माइक दूर असला तर फ्यूगचे चार आवाज एकमेकांत मिसळतात. नाट्य भरपूर मिळतं, तपशील कमी. मधल्या संथ भागासाठी, जिथे एकेका मंद सुराला वितळायला जागा लागते, मी मात्र अजूनही अशाच एका रेकॉर्डिंगकडे परत जातो.

तेव्हा रॉयब्केसाठी माझं मत पक्कं आहे: पहिलं मेर्सेबुर्ग. ते मिळालं नाही तर लाडेगास्टचाच श्वेरिन कॅथेड्रलमधला १८७१ चा, ८४ स्टॉपचा ऑर्गन. त्याच कारागिराचा कान, थोडा नंतरचा, थोडा जास्त गोल. बर्लिन किंवा रिगा दुसरं रेकॉर्डिंग म्हणून जरूर घ्या, पहिलं म्हणून नको.

मेंडेल्सन या दुसऱ्या जर्मन संगीतकाराचं गणित वेगळं आहे. त्याचे सहा सोनाटे, ओपस ६५, १८४५ साली छापून आले. मागणी एका लंडनच्या प्रकाशकाची होती. पण 'मेंडेल्सनचा ऑर्गन' म्हणून एका वाद्याकडे बोट दाखवता येत नाही. फ्रँकफुर्टच्या काथारीनेनकिर्शमध्ये त्याने यातले काही सोनाटे स्वतः वाजवून दाखवले होते, ते चर्च १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. लाइपझिगच्या टोमासकिर्शमध्ये १८४० साली त्याने बाखच्या स्मारकासाठी कार्यक्रम केला, तिथे १८८९ मध्ये झाउअरचा नवा ऑर्गन आला. इंग्लंडमध्ये तो लोकप्रिय होता, पण तिथल्या बऱ्याच ऑर्गनांना तेव्हा पुरेसं पेडलही नव्हतं. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये १८३७ साली तो बाखचा फ्यूग वाजवत होता, लोक हलायला तयार नव्हते, तेव्हा चर्चच्या सेवकांनी भाता चालवणाऱ्यांना थांबवलं आणि ऐन फ्यूगमध्ये हवा संपली. भाता माणूस चालवत होता, हे यातून लक्षात राहतं. मेंडेल्सनच्या संगीतालाही माणसाच्या श्वासाचंच माप आहे.

आणि त्याने स्वतः प्रस्तावनेत कसं वाजवावं ते लिहून ठेवलंय. अगदी हळू आवाजात म्हणजे साधारणपणे एकच मऊ ८ फुटी स्टॉप. हळू म्हणजे तसे काही मऊ स्टॉप एकत्र. जोरात म्हणजे मुख्य ऑर्गन, पण सर्वांत दणदणीत स्टॉप वगळून. सगळं काही उघडायचं ते फक्त सर्वांत मोठ्या खुणेला. पेडलमध्ये, वेगळं सांगितलं नसेल तर, १६ आणि ८ फुटी दोन्ही एकत्र, अगदी हळू भागांतसुद्धा. यावरून निवड सोपी होते. १०० स्टॉपच्या ऑर्गनची इथे गरजच नाही. मध्यम आकाराचा, ८ फुटी स्टॉप सुंदर असलेला ऑर्गन हवा, आणि फार न घुमणारी इमारत.

माझ्या मते म्हणूनच थॉमस मरे यांचं १९७० च्या दशकातलं बोस्टनचं रेकॉर्डिंग अजून वरचढ ठरतं. ऑर्गन ई. अँड जी. जी. हूक या अमेरिकन कारखान्याचा, १८६३ चा, चर्च ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शनमधला. जर्मनीपासून इतक्या दूर आणि तरी मेंडेल्सनला शोभणारा. तिसऱ्या सोनाट्यात पेडलवर 'आउस टीफर नोट', म्हणजे 'खोल संकटातून', हे भजन संथ चालत येतं आणि वर फ्यूग वाढत जातो, तिथे हे भजन सगळ्या गर्दीतून स्पष्ट ऐकू येतं. मोठ्या कॅथेड्रलातल्या बऱ्याच रेकॉर्डिंगांत मला ते शोधावं लागतं. सहाव्या सोनाट्यात 'फाटर उन्झर' या भजनावरची बदलती रूपं आणि फ्यूग झाल्यावर शेवटचा शांत आंदान्ते येतो. तो इतका साधा वाजायला हवा की ऐकणाऱ्याने श्वास धरावा. मरे तो तसाच वाजवतात. ते चर्च पुढे बंद झालं आणि ऑर्गन आता तिथे नाही. म्हणजे हा आवाज त्या जागी पुन्हा ऐकायला मिळणार नाही. कुठे मिळालं तर सोडू नका.

फ्रान्सकडे वळलं की निवड एकाच ऑर्गन बांधणाऱ्याच्या नावाभोवती फिरते: आरिस्तीद कावाये-कोल. आपल्या पेटीचाही याच घराण्याशी लांबचा धागा आहे. तरुणपणी, १८३४ च्या सुमारास, त्याने पोइकिलोर्ग नावाचं रीडचं वाद्य बनवलं होतं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्येच १८४२ साली दब्यँने घेतलं. फ्रेंच संगीतकार अलेक्सांद्र गिल्माँने तर हार्मोनियमसाठीही रचना केल्या. ऑर्गनसाठी त्याचे आठ सोनाटे आहेत आणि पहिला, डी मायनरमधला ओपस ४२, १८७४ चा, सुरुवातीला तोच ऐकावा. गिल्माँ १८७१ पासून तीस वर्षं पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनिस्ट होता, त्यामुळे 'संगीतकाराचा स्वतःचा ऑर्गन' म्हणून त्रिनितेची रेकॉर्डिंग्ज घ्यावीशी वाटतात. इथे जरा थांबा. त्या ऑर्गनमध्ये विसाव्या शतकात, तिथला नंतरचा ऑर्गनिस्ट मेसियाँ याच्या काळात, बरेच बदल झाले. गिल्माँच्या कानातला आवाज हवा असेल तर रुआँच्या सेंत-उआँ चर्चमधलं कावाये-कोलचं १८९० चं, ६४ स्टॉपचं वाद्य जास्त जवळ जातं, कारण ते फारसं बदललेलं नाही. पहिल्या सोनाट्याच्या शेवटच्या भागात पेडलचे रीड स्टॉप उघडतात तेव्हा फरक आपोआप कळेल. आठही सोनाटे एकत्र हवे असतील तर बेन फान ओस्टेन यांचा एमडीजी कंपनीचा संच आहे.

राइनबेर्गर या संगीतकारावर फार लिहीत नाही, कारण त्याला मोठं वाद्य नको, चांगला वादक हवा. त्याचे २० सोनाटे आहेत. मनात २४ होते, प्रत्येक वेगळ्या स्वरात, पण १९०१ मध्ये तो गेला. रुडॉल्फ इनिग यांची १२ भागांची मालिका आणि वोल्फगांग र्‍यूब्सम यांची नाक्सोसवरची फुल्डा कॅथेड्रलची रेकॉर्डिंग्ज यांत मी इनिगकडे झुकतो. फुल्डाचा ऑर्गन मूळचा झाउअरचा, पण नंतर रीगर कंपनीने मोठ्या प्रमाणावर नवा केलेला आहे. आठव्या सोनाट्याच्या पासाकाल्यापासून, म्हणजे खर्जात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरावटीवर रचलेल्या भागापासून, सुरुवात करा.

विकत घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासा. पहिली, सोबतच्या पुस्तिकेत ऑर्गनच्या सगळ्या स्टॉपची यादी आहे का. मी एकदा जुनी सीडी मागवली, विकणाऱ्याने पुस्तिकेशिवाय पाठवली, आणि कुठल्या चर्चचा कुठला ऑर्गन ऐकतोय हे मला कित्येक महिने कळलं नाही. वादन उत्तम होतं, पण त्यातून शिकता काहीच आलं नाही. डिजिटल घेतलं तरी पुस्तिकेची पीडीएफ मागा. दुसरी गोष्ट तुमच्या घरातली. ३२ फुटी स्टॉपचा सर्वांत खालचा सूर सुमारे १६ हर्ट्झचा असतो, कानाला ऐकू येण्याच्या जवळजवळ खाली. मोबाइलच्या स्पीकरवर १०० हर्ट्झच्या खालचंही फारसं काही येत नाही. म्हणजे रॉयब्केचा पायाच गायब होतो आणि उरतो तो वरचा कलकलाट, आणि मग लोक म्हणतात की हे संगीत कर्कश आहे. खर्ज नीट देणारे हेडफोन किंवा दोन बरे स्पीकर हाताशी नसतील तर आज रॉयब्के लावूच नका. मेंडेल्सनचा सहावा सोनाटा लावा, ८ फुटी सुरांवर तो तसाही उभा राहतो.