पडक्या इमारतींची तीन छायाचित्रे आणि कोऱ्या पाठी

रस्त्याकडेच्या पडीक इमारतींची तीन छायाचित्रे मी एका विक्रेत्याकडून मागवली, त्याला आता सहा महिने झाले. बंद पडलेला पेट्रोल पंप आणि छप्पर खचलेले मोटेल ही दोन जाड मॅट कागदावर छापलेली आहेत, तर ओस पडलेल्या दुकानाचे तिसरे छायाचित्र कॅनव्हासवर आहे. आकार तिन्हींचा एकच, ३६ बाय २४ इंच.

पेट्रोल पंपाचे छायाचित्र निःसंशय सर्वांत उत्तम आहे. ते ढगाळ दिवशी, इमारतीच्या अगदी समोर उभे राहून टिपलेले आहे; त्यामुळे कुठेही काळीभोर सावली नाही, आणि भिंतीवरचे रंगाचे पापुद्रे, पत्र्यावर उतरलेले गंजाचे ओघळ, यंत्रे काढून नेल्यावर चौथऱ्यावर उरलेले बोल्ट हे सगळे सारख्याच स्पष्टतेने दिसते. जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने पाण्याच्या टाक्या आणि झोतभट्ट्या अशाच मंद उजेडात, समोरून टिपल्या होत्या. पडक्या वास्तूला नाट्यमय आकाशाची गरज नसते, हे त्या पद्धतीचे मर्म येथे छायाचित्रकाराला नेमके कळलेले आहे.

मोटेलच्या छायाचित्रात तो संयम सुटला आहे. आकाश इतके गडद केले आहे की छपराच्या कडेने पांढुरकी रेघ उमटली आहे, आणि एकदा ती दिसली की नजर पुन्हापुन्हा तिथेच जाते. उदासपणा इमारतीत होताच. तो वरून ओतण्याचे कारण नव्हते.

छपाईविषयी मात्र तक्रार नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये साधारण ६००० बाय ४००० बिंदू असतात. ती या आकारात छापली तर दर इंचाला सुमारे १६७ बिंदू येतात. हातात धरून पाहायच्या छायाचित्रासाठी ३०० ची अपेक्षा ठेवतात, पण भिंतीपासून दोन मीटरवर उभे राहिल्यावर हा फरक जाणवत नाही. नाक लावून पाहणाऱ्या पाहुण्यांचा प्रश्न वेगळा.

कॅनव्हासची निवड ही माझी चूक, आणि तिच्या परिणामांची कल्पना न देणे ही विक्रेत्याची. कापडाच्या विणीत गिलाव्याच्या बारीक भेगा बुजून जातात, म्हणजे ज्यासाठी हे छायाचित्र घ्यायचे तेच हातचे जाते. शिवाय चित्राच्या कडा लाकडी चौकटीवरून मागे वळवलेल्या असल्याने दुकानाच्या पाटीची पहिली दोन अक्षरे बाजूच्या पट्टीवर गेली आहेत, आणि समोरून पाहणाऱ्याला अर्धवट नाव वाचावे लागते.

माझा खरा आक्षेप याहून मोठा आहे. तिन्ही छायाचित्रांच्या पाठी कोऱ्या आहेत: ठिकाण नाही, वर्ष नाही, छायाचित्रकाराचे नावही नाही. विचारणा केल्यावर केवळ एक मालक्रमांक कळवण्यात आला. निसर्गदृश्याच्या बाबतीत हे एक वेळ चालले असते. परंतु पडीक इमारत ही कुठल्या तरी रस्त्याची आणि कुठल्या तरी वर्षाची असते. अमेरिकेत १९२६ साली सुरू झालेला रूट ६६ हा रस्ता नव्या आंतरराज्य महामार्गांमुळे मागे पडला आणि १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला. त्याच्या कडेचे बंद पंप पाहताना ही दोन वर्षे ठाऊक असली, तर रिकामा चौथरा नुसता सुंदर राहत नाही, तो का रिकामा झाला हेही कळते. विल्यम क्रिस्टनबेरी हे छायाचित्रकार अलाबामा राज्यातील हेल काउंटीत अनेक दशके परतत राहिले आणि त्याच त्या इमारती पुन्हापुन्हा टिपत राहिले. त्या छायाचित्रांखालची वर्षे पुसून टाकली, तर एकाच घराची निरनिराळी चित्रे तेवढी उरतील.

घेणाऱ्यांनी मॅट कागदच निवडावा, आम्लविरहित माउंट, म्हणजे छायाचित्राभोवतीचा पुठ्ठा, लावून चौकट करावी, काच परावर्तन न करणारी घ्यावी आणि थेट ऊन येणारी भिंत टाळावी. छायाचित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर ठेवला की समोरून घेतलेली इमारत डोळ्यांच्या पातळीवर येते.

कॅनव्हास मी परत पाठवले. वाहतुकीचा खर्च कापून पैसे मिळाले. मोटेल जिन्यातल्या अंधाऱ्या वळणावर हलवले आहे, तिथे ती पांढुरकी रेघ फारशी दिसत नाही. पेट्रोल पंप मात्र बैठकीत आहे, आणि तो कुठला आहे असे पाहुण्यांनी विचारले की मला मालक्रमांक सांगावा लागतो.