टायमिंग बेल्टचे पैसे घेतले, बदलला फॅन बेल्ट

माझी २०१३ ची डस्टर, दीड लिटर डिझेल. ९२ हजार किलोमीटर झाले तेव्हा टायमिंग बेल्ट (इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारा पट्टा) बदलायचं मनावर घेतलं. मला किलोमीटरपेक्षा वर्षांची धास्ती जास्त होती. बेल्ट रबराचा; गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतंच.

नाशिकमध्ये घराजवळच गॅरेज, मालक तोंडाचा गोड. "साहेब, बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही टाकतो, पूर्ण किट." टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारं चाक. १०,२०० रुपये ठरले. सकाळी दहाला गाडी दिली, साडेबाराला फोन आला, गाडी तयार. मी खूश! खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. या इंजिनात बेल्टपर्यंत पोहोचायचं तर ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक काढायचं, इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यायचा, त्या बाजूचं माउंटिंग सोडायचं, मग कव्हर उतरतं. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पिना घालून लॉक करायचे, तेव्हा कुठे जुना बेल्ट निघतो. अडीच तासांत हे सगळं होणं कठीणच.

मीही स्वतःला शहाणा समजत होतो. जुने पार्ट दाखवा म्हटलं. त्याने लगेच तडे गेलेला काळा बेल्ट हातात दिला आणि बॉनेट उघडून, टॉर्च मारून आत बसवलेला नवा कोरा बेल्टही दाखवला. टेन्शनर भंगारात गेला म्हणाला. मी रोख पैसे देऊन मोकळा झालो.

सात महिन्यांनी गाडीखाली कूलंटचे थेंब दिसायला लागले. वॉटर पंप गळत होता. या गाडीत तो पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे सगळं पुन्हा खोलणं आलं. या वेळी अंबडच्या एका मिस्त्रीकडे गेलो. कव्हर निघाल्यावर त्याने मला आत बोलावलं. "सर, हा बेल्ट कधी बदललाय म्हणालात?" टेन्शनरच्या नटावर कारखान्यात मारलेली पिवळ्या रंगाची खूण जशीच्या तशी होती, नट आणि प्लेट दोन्हींवरून गेलेली, कुठेही न मोडता. नट सैल केल्याशिवाय बेल्ट निघत नाही. म्हणजे त्याला कधी पानाच लागला नव्हता. बेल्टच्या कडेचे धागे सुटले होते. टेन्शनरचं चाक हाताने फिरवलं तर आतलं बेअरिंग खरखरत होतं.

मग मला 'दाखवलेला' बेल्ट आठवला. त्यावर लांबीच्या दिशेने रेघा होत्या. तो फॅन बेल्ट, अल्टरनेटर फिरवणारा, आणि बॉनेट उघडल्यावर दिसतो तो हाच. टायमिंग बेल्टला आडवे दाते असतात आणि तो कव्हर काढल्याशिवाय दिसतच नाही. जुना पार्ट मागायचा हे मला माहीत होतं, तो दिसतो कसा हे माहीत नव्हतं. (ओळखीतल्या एकाने तर १.२ कप्पा इंजिनाच्या आय-टेनला टायमिंग बेल्ट बदलल्याचे पैसे दिलेत. त्या इंजिनात बेल्ट नसतोच, चेन असते.)

त्या सात महिन्यांत मी चार वेळा कसारा घाट उतरलो होतो, दोनदा आईला घेऊन. या इंजिनात बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पिस्टन मात्र वर-खाली होत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा कोरा बेल्टही जातो, म्हणून दोन्ही एकाच वेळी बदलायचे. मिस्त्रीने किट माझ्यासमोर फोडलं, पंपही नवा टाकला, पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल दिलं. गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाली.

पहिल्या गॅरेजवाल्याचं बिल म्हणजे वहीचं पान. 'टायमिंग किट १', पुढे रक्कम. जीएसटी नंबर नाही, पार्ट नंबर नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन लावला, तर आधी बिलाची प्रतच मागितली. रोख दिलेले, त्यामुळे बँकेतही नोंद नाही. पिवळ्या खुणेचे फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो तर म्हणाला, "तुमच्या त्या मिस्त्रीनेच जुना टाकला असेल." आवाज चढला तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली, तसा तो नरमला. पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देतो म्हणाला.

त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.