कोगनोळी ते चोर्ला: रस्त्याला साडेतीन स्टार, पाट्यांना दीड

मी बेळगावजवळच्या पिरनवाडीचा. गेली अकरा वर्षं बेळगावची भाजी पिकअपमधनं गोव्याला नेतोय, आठवड्याला चार फेऱ्या, कधी चोर्ला घाटानं कधी अनमोड घाटानं, आणि महिन्यातनं दोनतीनदा माल आणायला कोल्हापूर-सांगलीकडं. टोल भरतो, टॅक्स भरतो, म्हणजे रस्त्याकडंची पाटी ही पण पैसे मोजून घेतलेली सर्व्हिसच झाली की, तर तिचा रिव्ह्यू का लिहू नये. खड्ड्यांवर सगळेच लिहितात, मी ह्या वेळी फक्त पाट्या आणि रोडचे नंबर ह्यावर लिहितोय कारण फेब्रुवारीत जे झालं ते अजून डोक्यातनं जात नाही.

तासगावचा एक ओळखीचा पोरगा, नवीनच गाडीवर लागलेला, द्राक्षं घेऊन म्हापशाला निघाला होता. सकाळच्या बाजाराला माल पोचवायचा. त्याच्या मालकाच्या ऑफिसातनं चिठ्ठीवर लिहून दिलेलं, बेळगावनंतर ७४८ ए धरणे. रात्री एक वाजता त्याचा मला फोन. "आण्णा, ह्यो रस्ता गोव्याला जातोय न्हवं?" मी म्हटलं शेजारी काय दिसतंय सांग. "लांबलचक भिंत हाय, वर तारा हायत, आत लाईट हायत." म्हणजे सांब्रा! एअरपोर्टची भिंत! गोवा पश्चिमेला आणि हा गडी बागलकोटच्या दिशेनं तोंड करून उभा, मागं दोन टन द्राक्षं. त्याला परत फिरवला, अख्खं शहर ओलांडून पिरनवाडीला आणला, मी स्वतः उठून नाक्यावर उभा राहिलो आणि चोर्ल्याला लावून दिला. पोचला, पण बाजार उठता उठता. त्या दिवशीचा दर गेला तो गेलाच.

आता चूक कुणाची ते बघा. चिठ्ठी लिहिणाऱ्यानं डोकं चालवूनच लिहिलं होतं. पूर्वी पुणे-बेंगलोर हायवे म्हणजे नंबर ४ आणि बेळगावातनं खानापूर, लोंढा, अनमोड करत पणजीला जाणारा तो ४ ए. आमच्याकडं अजूनही फोर ए म्हटलं की खानापूर रोड, शाळेतलं पोरगं पण सांगेल. मग ४ चा झाला ४८, तर ४ ए चा ७४८ ए झाला असणार असं कुणालाही वाटणारच. पण तसं नाहीय. जुना ४ ए आता नुसता ७४८ आहे, ए नाही. ७४८ ए आहे तो बेळगावातनं पूर्वेला बागलकोट-रायचूरकडं जातो. आणि जांबोटी-कणकुंबी-चोर्ला करत गोव्याला जाणारा आमचा घाटरस्ता, जो आधी स्टेट हायवे होता, तो ७४८ एए. डबल ए. म्हणजे एका ए ला गोव्याच्या उलट दिशा, दोन ए ला गोवा, आणि ए नसलेला तो पण गोवाच पण दुसऱ्या घाटानं. हे अंधारात, घाईत, पेंगुळलेल्या डोळ्यांनी फोनच्या स्क्रीनवर वाचून बघा एकदा.

मूळ योजनेला मी नावं ठेवत नाही, ती समजून घेतली तर चांगली आहे. २०१० साली देशातल्या सगळ्या नॅशनल हायवेंना नवीन नंबर दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यांना सम आकडा, तो पूर्वेकडनं पश्चिमेला वाढत जातो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम, तो उत्तरेकडनं दक्षिणेला वाढतो. म्हणून आपल्या पूर्वेला हैदराबाद-बेंगलोरवरनं कन्याकुमारीला जाणारा ४४, मग आपला ४८, आणि आपल्या पश्चिमेला कोकणातला ६६, जो पूर्वी १७ होता. जुना नंबर ४ गेला थेट अंदमानला, कारण सम आकडे पूर्वेकडनं सुरू होतात आणि अंदमान पार पूर्वेला. तीन आकडी नंबर असला की तो फाटा समजायचा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे, म्हणजे ७४८ बघितला की हा ४८ चा फाटा हे कळतं. पूर्वीच्या ४, ४ ए, १७ मध्ये असलं काही कळत नव्हतं. आणि ४८ म्हणजे दिल्लीपासून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, बेळगाव, बेंगलोर करत चेन्नईपर्यंत २८०० किलोमीटर एकच नंबर, लांबच्या ड्रायव्हरला ह्याचा खरंच उपयोग होतो.

पण हे सगळं मला कळलं ते एका रिटायर्ड इंजिनिअर काकांनी टपरीवर बसून समजावलं म्हणून. रस्त्यावर कुठं लिहिलंय? नंबर बदलताना निदान दहा वर्षं तरी पाटीवर "७४८ (जुना ४ ए)" असं लिहायला काय हरकत होती, एवढाच माझा मुद्दा आहे. हायवेकडंच्या धाब्यांच्या बोर्डावर अजून एन.एच. ४ आहे, बिल्डरच्या जाहिरातीत एन.एच. ४ टच आहे, मोबाईलच्या मॅपवर ४८ आहे, मॅपवर एखाद्या ठिकाणी एएच ४७ पण दिसतं कारण हाच रस्ता एशियन हायवेचा पण भाग आहे, आणि शहरात आलात की त्याच जुन्या रस्त्याला लोक पी.बी. रोड, म्हणजे पुणे-बेंगलोर रोड म्हणतात. पुण्याहून लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना मी आता नंबर सांगणंच सोडलंय. आधी गोवावेस विचारा म्हणतो. जुन्या लोकांनी नावातच दिशा सांगून ठेवलीय, गोव्याकडची वेस, कुणाला विचारलं तरी सांगतंय.

बाकी अक्षरांचा घोळ आमच्याकडंच आहे असं नाही. संकेश्वरला जा, तिथनं ५४८ बी चिकोडी-अथणीवरनं विजापूरकडं आणि ५४८ एच गडहिंग्लज-आजरा-आंबोलीवरनं बांद्याला. एक पूर्वेला एक पश्चिमेला, आणि बी वरनं किंवा एच वरनं दिशेचा काही अंदाज येत नाही. बाची रोडचं तर वेगळंच, बाचीपर्यंत कर्नाटकचा रस्ता, पुढं शिनोळी आली की महाराष्ट्र, डांबर तेच पण स्टेट हायवेचा नंबर ज्या त्या राज्याचा. तिथं निदान सगळे वेंगुर्ला रोडच म्हणतात म्हणून चालून जातं.

आता पिरनवाडीचा नाका, कारण खरी गंमत नाही, खरा त्रास तिथं आहे. उद्यमबागकडनं आलात की इथं दोन रस्ते फुटतात, एक मच्छे-खानापूरकडं, एक जांबोटीकडं. दोन्ही गोव्याला जातात. नुसतं "गोवा" लिहून बाण काढला तर तो खोटा नाही पण उपयोगाचा पण नाही. मडगाव-फोंड्याला जाणाऱ्यानं खानापूर-अनमोड धरायचं, मोले गावात उतरायचं. साखळी, डिचोली, म्हापशाला जाणाऱ्यानं चोर्ला. पावसाळ्यात घाटात अवजड गाडीला बंदी येते तेव्हा तर हे आधीच कळणं फार गरजेचं, नाहीतर बारा चाकी गाडी जांबोटीच्या पुढं जाऊन वळवायला जागा शोधत बसते, हे मी डोळ्यानं बघितलंय, एका ड्रायव्हरनं पाऊण तास घासून घासून गाडी फिरवली आणि मागं ही लाईन.

नाक्यावर हिरवी पाटी आहे, नाही असं नाही. तिच्यापुढं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. दोरी थेट पाटीच्या खांबालाच. फ्लेक्सवरच्या माणसाचं डोकं बरोब्बर बाणावर येतं, खालची कन्नड ओळ अर्धी दिसते आणि इंग्रजीतली शेवटची दोन अक्षरं. वाढदिवस होऊन दोन महिने झाले. मी फोटो काढून संबंधितांना दिलाय, लेखी दिलाय, पोच घेतलीय.

किलोमीटरच्या दगडांबद्दल पण सांगतो. पिवळं डोकं असेल तर नॅशनल हायवे, हिरवं असेल तर स्टेट, नारिंगी असेल तर ग्रामसडक. ही पद्धत मला फार आवडते, अडाणी माणसाला पण रंग कळतो. पण जांबोटी रोडला एक दगड आहे, पुलाच्या अलीकडं, त्याचा पिवळा रंग पापुद्र्यासारखा सुटलाय आणि आतनं जुना हिरवा दिसतोय, आकडा तर दोन्ही रंगांत मिसळून गेलाय, ८ आहे का ३ आहे बोटानं चाचपलं तरी कळत नाही. हे मी उगाच सांगत नाही. मागच्या ऑगस्टमध्ये धो धो पावसात तिथं एक बाईकवाला घसरला होता, पायाचं हाड बाहेर आलेलं. मी १०८ लावला. पलीकडच्या बाईनं शांतपणे विचारलं, कुठला रोड, कितवा किलोमीटर. मी म्हटलं ७४८ एए. ती म्हणाली खानापूर रोड का? तिची चूक नाही, ऐकताना सारखंच वाटतं. किलोमीटर सांगायला दगडाकडं पळालो तर दगडाची ही अवस्था. शेवटी "जांबोटी सोडून कणकुंबीकडं, पुलाच्या अलीकडं, पांढरी पिकअप उभी आहे" असं सांगितलं, गाडी आली, पोरगा वाचला. पण त्या दहा मिनिटांत माझ्या हाताला जो कंप सुटला होता ना, तो पाटी नीट असती तर सुटला नसता. १०३३ हा हायवेचा हेल्पलाईन नंबर आहे, तिथं पण पहिला प्रश्न जागेचाच येणार. म्हणून म्हणतो, नंबर ही कागदावरची गोष्ट नाही ओ, माणूस अडकला की तोच त्याचा पत्ता असतो.

गावांच्या नावांबद्दल दोन शब्द, भांडायला म्हणून नाही. मला कन्नड वाचता येतं, चौथीपासनं शिकलोय, माझी अडचण नाही. पण कागलपर्यंत पाटीवर बेळगाव वाचत आलेला म्हातारा माणूस कोगनोळीचा टोल ओलांडला की एकदम बेळगावी वाचतो, हुबळीचं हुब्बळ्ळी होतं, विजापूरचं विजयपुर, आणि ते पण कन्नड-इंग्रजीत. २०१४ च्या नोव्हेंबरपासनं ही नावं सरकारी झालीत, ठीक आहे, पण ह्या पट्ट्यात निपाणीपासनं खानापूरपर्यंत मराठी वाचणारी लाखो माणसं आहेत, कन्नडच्या खाली एक ओळ मराठीत दिली तर कुणाचं काय कमी होतंय? माझ्या आईला साठाव्या वर्षी एकटीनं बहिणीकडं जायचं असतं, तिला इंग्रजी येत नाही कन्नड येत नाही, ती कंडक्टरला विचारत बसते.

चांगलं काय ते पण लिहायलाच पाहिजे. कोगनोळी ते बेळगाव मेन हायवेवर, काम चालू असलेला भाग सोडला तर, वरच्या मोठ्या कमानी पाट्या रात्री लाईट पडला की लख्ख दिसतात. तवंदी घाटात वळणाच्या खुणा नीट आहेत, धुक्यात पण कळतात. सर्व्हिस रोडला उतरायची जागा काही ठिकाणी पाचशे मीटर आधी सांगितलेली असते. म्हणजे मनावर घेतलं तर जमतं. फाट्यावर आलं की मात्र सगळं ढिलं.

माझे स्टार असे: डांबराला साडेतीन, नंबरांच्या मूळ योजनेला चार, नंबर लोकांपर्यंत पोचवण्याला एक, फाट्यावरच्या पाट्यांना दीड.

कोल्हापूरकडनं पहिल्यांदा येणार असाल तर फोनवर नंबर टाकू नका, गावाचं नाव टाका, जांबोटी किंवा खानापूर. बेळगावात गोवावेस, तिसरं गेट, उद्यमबाग आणि मग पिरनवाडी. नाक्यावर गाडी बाजूला घेऊन टपरीवर विचारा, चोर्ला का अनमोड, आणि घाट चालू आहे का ते पण विचारा. घाटात शिरताना शेवटचा वाचता येणारा दगड फोनमध्ये फोटो काढून ठेवा, पुढं रेंज जाते.

फ्लेक्स अजून आहे तिथंच. काल संध्याकाळी जाताना बघितला, वाऱ्यानं एक कोपरा फाटलाय आणि बाणाचं टोक तेवढं दिसायला लागलंय.