बेर्गामो की मांतोवा? मिलान आणि व्हेनिसच्या मधला एक दिवस

इटलीच्या सहलीत मिलान आणि व्हेनिस ठरलेलंच असतं. अडतं ते मधल्या एक-दोन दिवसांपाशी, आणि तिथे बहुतेक जण फारसा विचार न करता व्हेरोना किंवा कोमो सरोवर घालून मोकळे होतात. गर्दीचा कंटाळा असेल तर लोम्बार्दी प्रांतातली दोन गावं त्याऐवजी घ्यावीत अशी आहेत, बेर्गामो आणि मांतोवा. दोन्ही एकाच सहलीत बसवायचा हट्ट मात्र नको. माझ्या मते दोघांत मांतोवा थोर आहे, तरीही विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी बेर्गामोच सांगेन.

कारण समजायला नकाशा पुरतो. बेर्गामो आल्प्सच्या पायथ्याशी आहे, ब्रेम्बो आणि सेरिओ या नद्यांच्या मधोमध. टेकडीवर जुनं गाव, चित्ता आल्ता. खाली सपाटीवर नवं, चित्ता बास्सा. १४२८ पासून १७९७ पर्यंत इथे व्हेनिसची सत्ता होती आणि बेर्गामो हे त्या राज्याचं पश्चिमेकडचं टोक होतं. पलीकडे मिलान, आणि सोळाव्या शतकात मिलान स्पेनच्या ताब्यात. म्हणून व्हेनिसने १५६१ मध्ये टेकडीभोवती तट बांधायला घेतला. सहा किलोमीटरच्या आसपास लांबी, चार दरवाजे. वाटेत आलेली शेकडो घरं पाडली, गावाच्या संताचं, सांत'अलेस्सान्द्रोचं प्राचीन चर्चही पाडलं. लोक काय म्हणाले असतील याची कल्पना करता येते. गंमत म्हणजे एवढ्या खटाटोपानंतर तटाला कधी मोठा वेढा पडलाच नाही. त्यामुळे तो जवळजवळ अखंड उरला आणि २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

मांतोवा याच्या अगदी उलट. पो नदीच्या सपाट खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून जेमतेम वीस मीटर उंचीवर. गार्दा सरोवरातून निघणारी मिंचो नदी इथे पसरते. बाराव्या शतकाच्या अखेरीस अल्बेर्तो पितेंतिनो नावाच्या अभियंत्याने तिला बांध घालून गावाभोवती चार तळी केली. चौथं तळं अठराव्या शतकात आटवलं, तीन अजून आहेत. तटबंदीच्या गावावर कोणी चालून आलं नाही, पण पाण्याने वेढलेलं हे गाव १६३० मध्ये पवित्र रोमन सम्राटाच्या फौजेने लुटलं, पाठोपाठ प्लेग, आणि पुढे १७९७ मध्ये लांबलचक वेढ्यानंतर ते नेपोलियनच्या हाती पडलं.

पण निवड करताना कामाची गोष्ट वेगळीच आहे. बेर्गामोचे राज्यकर्ते व्हेनिसला बसत; मांतोवाचे गावातच राहत. गोन्झागा घराण्याने १३२८ मध्ये सत्ता बळकावली आणि १७०७ पर्यंत ती कुठल्या ना कुठल्या शाखेकडे राहिली. जवळजवळ पावणेचारशे वर्षं एकच दरबार एकाच जागी पैसा ओतत होता. त्यामुळे मांतोवाचं वैभव छताखाली आहे, आणि बेर्गामोचं बाहेर, पायाखाली आणि नजरेसमोर.

मांतोवाचा पालाझ्झो दुकाले म्हणजे राजवाडा नव्हे, राजवाड्यांचं गावच. पाचशेच्या वर खोल्या. त्यातली एक खोली पाहायला लोक युरोपभरातून येतात. आंद्रेया मांतेन्या या चित्रकाराने १४६५ ते १४७४ या काळात रंगवलेली ‘कामेरा देल्यी स्पोझी’. भिंतींवर गोन्झागा कुटुंब, त्यांचे दरबारी, घोडे, कुत्रे. वर पाहिलं की छताला गोल झरोका आणि त्यातून निळं आकाश. कठड्यावरून बायका खाली वाकून पाहताहेत, पंख असलेली पोरं कठड्याला लटकली आहेत, आणि एक झाडाची कुंडी आडव्या दांडीवर अशी टेकवलेली की आता डोक्यावर पडेल. सगळा रंगाचा खेळ, छत जवळपास सपाटच आहे. २०१२ च्या भूकंपानंतर ही खोली २०१५ पर्यंत बंद होती. आजही आत एका वेळी मोजकेच लोक सोडतात, वेळ ठरलेली असते.

गावाच्या दक्षिण टोकाला पालाझ्झो ते. जिथे घराण्याच्या पागा होत्या, तिथे गोन्झागांपैकी फेदेरिको दुसरा याने जूलिओ रोमानो या चित्रकार-वास्तुकाराकडून १५२५ ते १५३५ च्या दरम्यान मौजेसाठी हा वाडा बांधून घेतला. एका दालनात त्याच्या लाडक्या घोड्यांची हुबेहूब, खऱ्या आकाराची चित्रं आहेत. पण खरं दालन राक्षसांचं. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं ते कळत नाही. रोमन देवांचा राजा ज्युपिटर वरून वज्र फेकतोय आणि कोसळत्या खांबांखाली राक्षस चिरडताहेत. अभिरुचीच्या दृष्टीने पाहिलं तर जरा भडकच. मला ते मांतेन्याच्या खोलीइतकं आवडत नाही, पण लहान मुलांना नक्की आवडेल.

एक इशारा. गोन्झागांनी जमवलेली चित्रं शोधायला गेलात तर निराश व्हाल. पैशाची चणचण भासली तेव्हा, १६२७-२८ मध्ये, त्यांनी संग्रहातला मोठा भाग इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. मांतेन्याची सीझरच्या विजययात्रेची नऊ चित्रं आज लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टमध्ये आहेत. मांतोवात उरलं ते भिंतीला चिकटलेलं.

बेर्गामोत तिकिटं काढायची फारशी गरजच पडत नाही. १८८७ साली सुरू झालेल्या फ्युनिक्युलरने, म्हणजे रुळावरून तारेने ओढल्या जाणाऱ्या डब्याने वर जायचं, पियाझ्झा वेक्या या जुन्या चौकात उभं राहायचं. घंटेचा मनोरा कांपानोने रात्री दहाला अजूनही शंभर टोल देतो; पूर्वी वेशीचे दरवाजे बंद होत त्याची ती खूण. शेजारी सांता मारिया माज्जोरे चर्च, आत चित्रकार लोरेंझो लोत्तोच्या रेखाटनांवरून केलेलं लाकडी जडावकाम आणि संगीतकार दोनिझेत्तीची समाधी. तो इथलाच, १७९७ चा जन्म. चर्चला चिकटून कोल्लेओनीचं समाधिमंदिर. बार्तोलोमेओ कोल्लेओनी हा व्हेनिसचा भाडोत्री सेनापती. स्वतःच्या समाधीसाठी त्याने चर्चची एक खोली पाडून जागा केली. मरताना व्हेनिसला पैसा ठेवला, अट एकच, सान मार्कोच्या चौकात पुतळा उभारा. व्हेनिसने पैसा घेतला आणि पुतळा उभारला सान मार्को नावाच्याच दुसऱ्या इमारतीसमोर! पुढे व्हेनिसला जाणार असाल तर वेर्रोक्योने घडवलेला तो घोडेस्वार जरूर पाहा.

खाण्यात शाकाहारी माणसाला मांतोवा सोयीचं, कारण तिथली खासियत तोर्तेल्ली, म्हणजे लाल भोपळ्याचं सारण भरलेल्या पास्त्याच्या पुरचुंड्या. सारणात बदामी चवीची अमारेत्ती बिस्किटं आणि मोहरीचा ठसका असलेला फळांचा मुरंबा असतो, त्यामुळे चव गोडसर लागते. अमारेत्तीत अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि वर किसलेलं ग्राना चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं. कडक पाळणाऱ्यांनी आधीच सांगावं. बेर्गामोचे कासोन्चेल्ली हाही भरलेला पास्ताच, पण मांसाचा. तिथे पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि स्त्राच्यातेल्ला, म्हणजे चॉकलेटचे कण असलेलं आइसक्रीम. ते १९६१ साली याच गावात जन्मलं.

ऋतूचं म्हणाल तर मांतोवाचा उन्हाळा दमट आणि डासांचा, हिवाळा धुक्याचा. तरी जुलै-ऑगस्टमध्ये जाणं झालंच तर वरच्या तळ्यात कमळं फुललेली असतात. ती आपल्याकडचीच जात, १९२१ मध्ये तिथे लावली आणि इतकी माजली की आता छाटावी लागते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर दोन्हींकडे उत्तम.

मिलानहून बेर्गामो रेल्वेने तासाभरात. मांतोवाला दोन तास लागतात, व्हेरोनाहून मात्र पाऊण तास. म्हणून मुक्काम मिलानला असेल, सोबत वयस्कर माणसं किंवा कंटाळणारी मुलं असतील, किंवा परतीचं विमान ओरिओ आल सेरिओ विमानतळावरून असेल, तर बेर्गामो. तो विमानतळ गावाला अगदी खेटून आहे. चित्रांसमोर उभं राहण्याची आवड असेल आणि एक रात्र देता येत असेल तर मांतोवा, तेही व्हेरोनाला जोडून. फक्त सोमवार टाळा, पालाझ्झो दुकाले त्या दिवशी बंद असतो. आणि मांतेन्याच्या खोलीची वेळ हॉटेलच्या आधी आरक्षित करा.