अश्वगंधा अर्क: सात महिने, तीन डबे आणि एक वजनकाटा

झोपेसाठी सुरू केला होता. पहिल्या डब्यात बरा फरक जाणवला, दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, तिसऱ्यात पुन्हा थोडाफार. यात काही वाटा मनाचा असणारच. पण दुसरा डबा इतका निकामी का ठरला, या विचाराने मी त्याच्या मागेच लागले.

लेबल म्हणतं: एक चमचा ३०० मिग्रॅ, विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य सक्रिय घटक) ५ टक्के. दिवसाला दोन चमचे, म्हणजे ६०० मिग्रॅ अर्क आणि त्यात ३० मिग्रॅ विथॅनोलाइड्स. हिशेब सोपा वाटतो.

आधी चमचा तपासला. ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला, कारण स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली मुकाच असतो. कड सपाट करून भरलेले दहा चमचे एकेक करून तोलले. सगळ्यात हलका २४८ मिग्रॅ, सगळ्यात जड ३७१. हात तोच, चमचा तोच. पूड भुसभुशीत असली की कमी मावते. डबा दोनदा ओट्यावर आपटला की दबून बसते आणि त्याच चमच्यात जास्त जाते. दमट दिवसांत तिचे खडे होतात, मग वजनात पाणीही धरलं जातं. काट्याचेही नखरे आहेत. पंखा चालू असला की शेवटचा आकडा नाचत राहतो, त्यामुळे पंखा बंद, आधी सोबतच्या वजनाने पडताळणी, मग पूड. आठवडाभर कंटाळा आला, आता सवय झालीय.

पण चमच्याची चूक दोन्हीकडे जाते, कधी कमी कधी जास्त. सबंध डबाच फिका निघण्याचं कारण ते नव्हतं. म्हणून पहिल्या दोन डब्यांचे लॉट नंबर देऊन चाचणी अहवाल मागितले. तिसऱ्या ईमेलनंतर आले. पहिला लॉट ५.१ टक्के, पद्धत एचपीएलसी. दुसरा लॉट ५.३ टक्के, पद्धत ग्रॅव्हिमेट्री. कागदावर दुसराच सरस!

गोम पद्धतीच्या रकान्यात होती. एचपीएलसीत घटक वेगळे होतात आणि प्रत्येक घटक प्रमाणित नमुन्याशी ताडून मोजला जातो. ग्रॅव्हिमेट्रीत द्रावकात जे जे उतरलं ते सुकवून तोलतात. विथॅनोलाइड्सच्या सोबत आलेला बाकीचा ऐवजही त्यांच्याच नावावर जमा होतो. आकडा फुगतो. कुणी खोटं बोललं असं नाही, पण हे दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे नाहीत. एचपीएलसीचा आकडा आग्रहाने मागितल्यावर त्याच दुसऱ्या लॉटसाठी २.७ टक्के कळवलं. म्हणजे ३० मिग्रॅ समजून मी रोज १६ घेत होते, तेही चमचा बरोबर भरला तर.

आता अहवालात आणखी दोन गोष्टी बघते. वनस्पतीचा कोणता भाग वापरलाय, आणि विथाफेरिन ए (विथॅनोलाइड्सपैकीच एक) वेगळं दिलंय का. हे द्रव्य मुळांपेक्षा पानांत बरंच जास्त असतं. मुळाच्या अर्कात पानं मिसळली की एकूण टक्के छान दिसतात, माल मात्र वेगळाच असतो. आणि ‘१०:१ अर्क’ एवढंच लिहिलेलं असेल तर सोडून द्या. किती किलो कच्चा माल आटवला ते कळतं, आत काय उरलं ते नाही.

थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा यकृताची तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. अश्वगंधा घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ३०० च्या जागी ३७१ गेलेलं अशा वेळी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

पाचपैकी तीन तारे. कडवटपणा सहन होतो, पूड कोमट पाण्यात बऱ्यापैकी मिसळते, झाकण मात्र पहिल्या दिवसापासून सैल. चौथ्या डब्याआधी लॉट नंबर आणि चाचणीची पद्धत विचारली आहे. उत्तर अजून आलेलं नाही, ऑर्डरही दिलेली नाही.