ग्रंजचं श्रेय नेमकं कुणाला? निर्वाना, मेल्विन्स, मडहनी की साउंडगार्डन

माझा भाचा रेडमंडला असतो, सिएटलहून तलाव ओलांडला की पलीकडे, जिथे आपली आयटीवाली मराठी मंडळी ढिगाने आहेत. मागच्या महिन्यात त्याने रेकॉर्ड प्लेयर घेतला आणि मला व्हॉट्सॲप केलं, "मामा, ग्रंज इथलंच ना, मग ज्यांनी ते खरं वर आणलं त्यांचं एक रेकॉर्ड घ्यायचंय. एकच. आणि नेव्हरमाइंड सांगू नकोस, ते सगळेच घेतात." (ग्रंज म्हणजे पंक आणि मेटलच्या मिश्रणातून सिएटलकडे निघालेला जड, खरखरीत रॉक, आणि नेव्हरमाइंड हा त्यातला निर्वानाचा सगळ्यात गाजलेला अल्बम.) मी लगेच टाइप करायला घेतलं आणि तीनदा पुसलं. मग दोन दिवस ऑफिसला जाता येता गाडीत तेच ऐकत बसलो, आणि उत्तर मेसेजमध्ये मावेना म्हणून इथे लिहितोय. अजून कुणाला हाच प्रश्न पडला असेल तर बघा.

आधी एक कबुली. मी स्वतः ग्रंज ऐकलं ते निर्वानामुळेच. हॉस्टेलवर एकाने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिलेलं, ए बाजूला नेव्हरमाइंड आणि बी बाजूला पर्ल जॅमचा टेन, आता टेन आहे त्रेपन्न मिनिटांचा आणि बाजू पंचेचाळीसची, त्यामुळे शेवटचं गाणं सुरू होतंय न होतंय तोच टेप खटकन थांबायची आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की अल्बम असाच संपतो. तेव्हा मेल्विन्स हे नाव जरी कुणी घेतलं असतं तरी मला ते साबणाचं वाटलं असतं. सांगायचा मुद्दा, आपल्यापर्यंत कोण पोचलं आणि कुणामुळे पोचलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाच्याचा प्रश्न दुसरीबद्दलचा आहे.

सुरुवात आवाजापासून करू, कारण तिथे खरी टक्कर मेल्विन्स आणि ग्रीन रिव्हरची आहे, निर्वाना अजून चित्रातच नाही. मेल्विन्स सिएटलचे नाहीतच, ते माँटेसानो नावाच्या लाकूडतोड्यांच्या गावातले, १९८३ ला सुरू झालेले, शेजारीच ॲबरडीन, म्हणजे निर्वानाच्या गायक कर्ट कोबेनचं गाव. आधी हे पण बाकी पंक पोरांसारखे सुसाट वाजवायचे. मग १९८४ मध्ये ब्लॅक फ्लॅग ह्या कॅलिफोर्नियाच्या पंक बँडचा माय वॉर हा अल्बम आला, त्याची दुसरी बाजू इतकी संथ आणि जड की पंकवाले चिडले, पण मेल्विन्सच्या बझ ऑस्बॉर्नला त्यातच वाट सापडली. पंकचा राग ठेवायचा आणि वेग काढून टाकायचा, ब्लॅक सॅबथ ह्या जुन्या मेटल बँडसारखं ओढत ओढत वाजवायचं. १९८७ चा ग्लुई पोर्च ट्रीटमेंट्स लावा, पहिलं गाणं सहा मिनिटांचं आहे आणि दोन ठोक्यांमध्ये चहाचा घोट घेता येतो.

दुसरीकडे ग्रीन रिव्हर, १९८४, अस्सल सिएटल. मार्क आर्म आणि स्टीव्ह टर्नर एका बाजूला, जेफ अमेंट आणि स्टोन गॉसर्ड दुसऱ्या बाजूला, एकाच बँडमध्ये. पहिल्या दोघांना स्टूजेस ह्या जुन्या बँडसारखं घाण, वेडंवाकडं वाजवायचं होतं, दुसऱ्या दोघांना मोठ्या स्टेजवर जायचं होतं. टर्नर आधीच सोडून गेला आणि १९८७ ला बँड फुटला, पण फुटला तो अशा जागी की एका तुकड्याचा मडहनी झाला आणि दुसऱ्याचा आधी मदर लव्ह बोन आणि मग पर्ल जॅम. एका बँडच्या भांडणातून ग्रंजची दोन्ही टोकं निघाली. बरं, ग्रंज हा शब्द बँडला चिकटवायचं श्रेय पण इथेच येतं, मार्क आर्मने १९८१ मध्येच एका स्थानिक छोट्या मासिकाला पत्र पाठवून स्वतःच्याच आधीच्या बँडला शिव्या घालताना तो वापरला होता आणि नंतर सब पॉप ह्या सिएटलच्या रेकॉर्ड कंपनीने ग्रीन रिव्हरच्या ड्राय ॲज अ बोन ह्या रेकॉर्डची जाहिरात करताना.

दोघांत निवडायचं तर आवाजासाठी मी मेल्विन्सला मत देईन, आणि त्याचं कारण एक अगदी छोटी गोष्ट आहे, ज्यांच्याकडे गिटार आहे त्यांनी आत्ताच करून बघा. सहावी तार, सगळ्यात जाड, ई वरून ढिली करून डी वर आणा. आता सगळ्यात जाड तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड, म्हणजे दोनच स्वरांचा भरीव कॉर्ड, तयार, बोट सरकवत जा, रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, आपोआप जड आणि घसरता निघतो, आणि मोकळ्या तारा वाजवल्या की पोटात हबका बसतो. ह्याला ड्रॉप डी म्हणतात. मेटलवाल्यांना ते माहीत होतं, पण सिएटलच्या पोरांना ते दाखवलं बझ ऑस्बॉर्नने, आणि ज्याला दाखवलं तो होता साउंडगार्डनचा किम थायिल. त्यानंतर साउंडगार्डनने नथिंग टू से हे गाणं केलं आणि तिथून त्यांचा आवाजच बदलला. एक तार ढिली केली एवढंच, पण पुढची दहा वर्षं अर्धं जग तसं वाजवत होतं.

हे सगळे एकत्र ऐकायचे असतील तर डीप सिक्स नावाचं रेकॉर्ड आहे, १९८६, सी झी रेकॉर्ड्स, त्यात ग्रीन रिव्हर, मेल्विन्स, साउंडगार्डन, मालफंक्शन, स्किन यार्ड आणि यू-मेन असे सहा बँड. रेकॉर्डिंग कच्चं आहे, काही गाणी खरंच वाईट आहेत, पण तारीख बघा, नेव्हरमाइंडच्या पाच वर्षं आधी.

आता आवाज असून काय उपयोग, तो विकायला कुणीतरी लागतं. इथे मडहनी विरुद्ध साउंडगार्डन असा सामना आहे आणि मला वाटतं बहुतेक लोक इथेच चुकतात. मडहनीचं टच मी आय एम सिक हे सिंगल ऑगस्ट १९८८ चं, पहिल्या फक्त ८०० प्रती, मग सुपरफझ बिगमफ नावाची ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोटं रेकॉर्ड, नाव चक्क दोन गिटार पेडलवरून, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांवरून. ह्या पेडलचा आवाज कसा, तर जुन्या स्कूटरचा सायलेन्सर फुटलाय आणि त्यावर कुणीतरी चाल बसवलीय असा. मडहनी ब्रिटनला गेले, न्यूयॉर्कच्या सोनिक यूथ बँडबरोबर फिरले, १९८९ मध्ये मेलडी मेकर ह्या लंडनच्या साप्ताहिकात सिएटलवर मोठा लेख आला आणि अमेरिकेच्या आधी इंग्लंडला कळलं की तिकडे पावसाळी कोपऱ्यात काहीतरी शिजतंय. त्यामुळे "सीन" म्हणून जे विकलं गेलं, ते चेकचे शर्ट, लांब केस, मळकट काळेपांढरे फोटो, त्याचा चेहरा मडहनी होता, निर्वाना तेव्हा त्यांच्या मागे रांगेत. गंमत म्हणजे मार्क आर्म पुढे कित्येक वर्षं त्याच सब पॉपच्या गोडाऊनमध्ये नोकरी करत रेकॉर्ड पॅक करत होता. स्वतःचीही.

पण सब पॉप कंपनी म्हणून उभी कशी राहिली? ब्रूस पॅव्हिट आधी त्या नावाचं छोटं मासिक काढायचा, जॉनथन पोनमन रेडिओवर होता आणि त्याच्याकडे पैसे होते, आणि ह्या दोघांना एकत्र यायला सांगितलं किम थायिलने. पोनमनने वीस हजार डॉलर घातले ते साउंडगार्डनच्या स्क्रीमिंग लाइफसाठी, १९८७. म्हणजे ज्या कंपनीने नंतर मडहनी आणि निर्वाना बाहेर काढले तिची सोयरीकच मुळी साउंडगार्डनच्या गिटारवाल्याने जुळवली. आणि हा थायिल आपल्या केरळचा, म्हणजे आईवडील केरळचे, जन्म सिएटल, वाढला शिकागोजवळ पार्क फॉरेस्टला, बँडचा पहिला बासवाला हिरो यामामोटो आणि तो पॅव्हिट पण तिकडचेच. एक मल्याळी आणि एक जपानी आडनाव असलेल्या पोरांनी ख्रिस कॉर्नेल ह्या उंच आवाजाच्या गायकाबरोबर हे सुरू केलं, आणि तरी ग्रंज म्हटलं की सगळ्यांना सोनेरी केसांचा एकच माणूस आठवतो, असो.

मोठ्या कंपनीचं दार पण साउंडगार्डननेच आधी ढकललं. ह्या टोळीतले मोठ्या लेबलवर गेलेले पहिले तेच, कंपनी ए अँड एम, अल्बम लाउडर दॅन लव्ह, १९८९. त्या वर्षी निर्वानाचा पहिला अल्बम ब्लीच आला होता, जॅक एंडिनोच्या रेसिप्रोकल स्टुडिओत झालेला, बिल ६०६ डॉलर १७ सेंट, ते पैसेही जेसन एव्हरमन नावाच्या मित्राने भरले आणि म्हणून एक सूर न वाजवता त्याचं नाव कव्हरवर आलं. ब्लीच ऐकला की मेल्विन्सचा हात लगेच कळतो, त्यातल्या तीन गाण्यांवर ड्रम्स तर मेल्विन्सच्याच डेल क्रोव्हरचे आहेत. निर्वानाचा नंतरचा ड्रमर डेव्ह ग्रोल बँडमध्ये आला तो सुद्धा बझ ऑस्बॉर्नच्या ओळखीने. कर्टचा अपमान करायचा नाहीये मला, गाणी लिहिण्यात त्या गावात त्याला तोड नव्हती, पण त्याच्या घराचा पाया कुणी खणला हे बघायला नको का?

सिएटलच्याच ॲलिस इन चेन्स ह्या बँडचं घोडं इथे अडतं. पंकवाले त्यांना आपलं मानायचेच नाहीत, हे केस फुगवून ग्लॅम करणारे, मग मेटलवाल्यांबरोबर फिरणारे. १९९१ मध्ये ते स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्सच्या दौऱ्यात पहिलं वाजवायचे आणि लोक हाताला येईल ते फेकून मारायचे. पण हिशोब बघा, त्यांचा फेसलिफ्ट ऑगस्ट १९९० चा, मॅन इन द बॉक्सचा व्हिडिओ एमटीव्हीवर लागला आणि पाच लाखांचा गोल्ड रेकॉर्ड त्यांना मिळाला तेव्हा नेव्हरमाइंड दुकानात यायचा होता. म्हणजे "निर्वानाने दार फोडलं" असं म्हणतात तेव्हा दाराची कडी आधीच निघाली होती. लेन स्टेली आणि जेरी कॅन्ट्रेल दोघं मिळून जे खाली खेचणारे सूर लावतात ते अजून कुणाला जमलेलं नाही, पण भाच्याच्या प्रश्नात ते दुसऱ्या फळीत.

मग नेव्हरमाइंड. २४ सप्टेंबर १९९१, सोनिक यूथच्या सांगण्यावरून धरलेली डीजीसी कंपनी, अमेरिकेत पहिल्या खेपेला जेमतेम शेहेचाळीस हजार प्रती पाठवलेल्या, आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या डेंजरसला खाली ढकलून पहिला नंबर. ह्यापुढे कुणी वाद घालूच शकत नाही, "उदय" म्हणजे जर घराघरात पोचणं असेल तर फाइल बंद, निर्वाना. त्याचं कारण पण ऐकण्यासारखं आहे, निर्माता बच विगने आवाज स्वच्छ ठेवला, अँडी वॉलेसने मिक्समध्ये अजून चकाकी आणली, हळू कडवं आणि मग एकदम फुटणारं ध्रुवपद ही पिक्सीज ह्या बँडकडून घेतलेली युक्ती, आणि वर बीटल्ससारख्या चाली. मेल्विन्सला चाली नकोच होत्या, मडहनीला होत्या पण चेष्टेत.

पर्ल जॅमला मी लवकर आटोपतो. टेन निर्वानाच्या महिनाभर आधी आला, हळूहळू चढला, आणि विकला प्रचंड. त्यांच्यावर "पैशासाठी ग्रंज" असा आरोप कर्टनेच केला होता, तो मला पटत नाही, अमेंट आणि गॉसर्ड ग्रीन रिव्हरचे म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे. पण टेनचा आवाज ऐकला तर तो सत्तरीतला मोठ्या मैदानावरचा रॉक आहे. उदयापेक्षा टिकण्याचं श्रेय त्यांचं.

(आणि हो, हे सगळं वर आल्यावर किती वेडेपणा झाला तर १९९२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ग्रंजवाल्यांच्या बोलीचा शब्दकोश मागायला फोन केला, आधी सब पॉपमध्ये काम केलेल्या मेगन जॅस्परने मनाला येईल ते शब्द बनवून सांगितले आणि त्यांनी ते छापले.)

तर माझं मत. एका कामाचं श्रेय द्यायचं असेल तर प्रत्येकाला मिळेल, आवाज मेल्विन्स, तोरा मडहनी, पूर निर्वाना. पण एकच नाव घ्यायचं असेल तर मी साउंडगार्डनचं घेतो, कारण डीप सिक्सवर ते आहेत, सब पॉपच्या जन्मात ते आहेत, मोठ्या लेबलवर पहिले ते आहेत आणि १९९४ ला त्यांचा सुपरअननोन हा अल्बम थेट पहिल्या नंबरवर आला तेव्हाही आहेत. प्रत्येक पायरीवर हजर असलेला दुसरा बँड मला दाखवा. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला हे कळायला २०२५ उजाडलं, निर्वाना २०१४ ला आणि पर्ल जॅम २०१७ ला आत जाऊन बसले होते.

ह्यावर भाच्याचा पहिला प्रश्न, मग सुपरअननोन घेऊ का? नको रे बाबा, तो अल्बम भारी आहे पण तोपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. स्क्रीमिंग लाइफ घे. सब पॉपने ते परत काढलंय, फॉप नावाच्या दुसऱ्या ईपीसकट एकत्र. ब्लीच झाला त्याच स्टुडिओत, त्याच एंडिनोने स्क्रीमिंग लाइफ केलंय, ड्रॉप डीवालं नथिंग टू से त्यात आहे, आणि फॉपवाल्या भागात स्वॉलो माय प्राइड लागेल तेव्हा नीट ऐक, ते गाणं मुळात ग्रीन रिव्हरचं आहे.