धारप सांगावेत, मतकरी वाचावेत

सुट्टीत पोरं एकत्र जमली की जेवणं आटोपल्यावर मागणी ठरलेली: भुताची गोष्ट. मोठ्यांना मग प्रश्न पडतो, कुणाची? मराठीत चटकन दोन नावं पुढे येतात, नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. यंदा मे महिन्यात वेंगुर्ल्याला माहेरी गेले तेव्हा दोघांचीही पुस्तकं बॅगेत होती. ऐकायला माझी तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा भाचा आणि सत्तरी ओलांडलेली आई. पाच रात्रींत जे कळलं ते इथे लिहिते आहे, म्हणजे कुणाला निवड करायची असेल तर सोपं जाईल.

धारप माझे शाळेतले. आठवीत वाचनालयातून आणून पांघरुणात वाचलेले, आणि मग पंचवीसेक वर्षं विसरलेले. आता पुन्हा हातात घेतले तेव्हा वाटलं होतं, मोठेपणी भीती कसली वाटणार? पण त्यांचा ओसाड वाडा, बंद खोली, वर जाणारा जिना आजही तसाच काम करतो. धारप घाई करत नाहीत. खोलीतला वास, हवेतला गारवा, कुठेतरी काहीतरी बिनसल्याची जाणीव असं एकेक रचत नेतात.

आणि मोठ्याने वाचताना नेमकी हीच अडचण होते. पहिल्या रात्री मी शब्दन् शब्द वाचत गेले. दहा मिनिटांत भाच्याला तहान लागली, लेकीचा हात मोबाइलकडे गेला. एकट्याने वाचताना जो संथपणा मानगुटीवर बसतो, तो चौघांत सांडून जातो.

दुसऱ्या रात्री पुस्तक मिटून ठेवलं आणि तीच गोष्ट तोंडी सांगितली. वीज गेलेली, ओटीवर एक कंदील. वर्णनं गाळली, फक्त जिना ठेवला आणि एकेक पायरी मोजत गेले. सातव्या पायरीला भाच्याने चटईबाहेर गेलेले पाय आत ओढले. लेक हळूच म्हणाली, "आई, मागचं दार लावलंयस ना?" धारपांची गोष्ट सांगितली तरी मरत नाही, कारण तिचा जीव प्रसंगात असतो. 'तुंबाड' हा 2018चा सिनेमाही अशाच सांगण्यातून आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून धारपांची 'आजी' ही कथा ऐकली होती. ऐकलेली गोष्ट पंचवीस वर्षं मनात टिकली!

मतकरींचं बरोबर उलटं. त्यांची एक कथा मी अशीच तोंडी सांगायला गेले आणि शेवट पार फसला. दुसऱ्या दिवशी तीच पुस्तकातून वाचली, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आणि ओटीवर कुणी हललं नाही. मतकरी नाटकाचे माणूस. कुठे थांबायचं आणि कोणती माहिती शेवटच्या ओळीपर्यंत हातात ठेवायची, हे त्यांच्या वाक्यातच बांधलेलं असतं. म्हणून ते वाचायचेच. वीस-पंचवीस मिनिटांत कथा संपते, हा आणखी एक फायदा.

पण त्यांची 'गूढकथा' भुतावर अवलंबून नसते. बहुतेकदा भीती साध्या घरात असते, माणसाच्या अपराधात, हव्यासात, एकटेपणात. धारपांच्या पिशाच्चांना हसणारी माझी आई मतकरींनंतर बराच वेळ गजऱ्याचा दोरा तसाच धरून बसली होती. मग म्हणाली, "असली माणसं बघितली हत मी."

म्हणूनच बारा वर्षांखालच्या मुलांना मी मतकरींच्या गूढकथा वाचून दाखवणार नाही. त्यांत वाचवायला कुणी येईलच असं नाही, आणि लहान मूल त्या अस्वस्थतेसोबत एकटंच झोपतं. त्या वयाला मतकरी हवेच असतील तर 'अलबत्या गलबत्या' या त्यांच्या बालनाट्यातली चेटकीण आहे. ती घाबरवते आणि त्याच दमात हसवते. किंवा सरळ धारपांच्या समर्थकथा घ्या, म्हणजे 'समर्थ' या त्यांच्या नायकाच्या गोष्टी. अघोरी शक्ती कितीही माजली तरी समर्थ येणार, हा भरवसा असतो, आणि त्या भरवशावर नऊ वर्षांचं पोर हवं तेवढं घाबरून घेतं. भाच्याने सलग तीन रात्री समर्थच मागितले.

घरात इंग्रजी वाचणारी मोठी मुलं असतील तर एक लक्षात ठेवा. धारपांनी परदेशी कथांवरून बरंच घेतलं आहे. 'लुचाई'चा सांगाडा स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चा आहे, 'आजी'चं मूळही किंगच्याच एका कथेत. ज्यांनी मूळ वाचलंय त्यांना शेवट आधीच कळेल. मला स्वतःला त्याने फरक पडत नाही, कारण ती भीती मराठी घरात, मराठी माणसांमध्ये आणून बसवणं हे धारपांचंच काम आहे. धारपांनी शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली आहेत. सुरुवात 'अनोळखी दिशा'तल्या कथांनी करा. कादंबरी घेऊ नका, सुट्टी संपेल पण ती संपणार नाही.

ॲपवर भयकथा ऐकायचा पर्यायही आहे. प्रवासात ठीक. पण समोरचं पोर खरंच घाबरलंय हे ओळखून आवाज उतरवणं यंत्राला जमत नाही.

शेवटच्या रात्री आईने आमची दोन्ही पुस्तकं बाजूला सारली आणि आरवलीच्या वेतोबाचं सांगितलं. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात आणि त्या झिजतात. भाच्याने विचारलं, "आज्जी, तो आपल्या वाटेनेही जातो?" आई म्हणाली, "जाता तर. म्हणान तर आपण निजतव."

परवा ठाण्याहून त्याचा फोन आला. शाळेतल्या मित्राला गोष्ट सांगायची होती आणि मधलंच काहीतरी विसरलं होतं. "आत्या, तो जिना पुन्हा सांग. किती पायऱ्या होत्या?"